गादी नसलेले बिशप

रविवारी सकाळी वाशी-नेरूळमधल्या चर्चमधून बाहेर पडणाऱ्या माणसांचे बोलणे कानावर आले, तर एकाच शहरात धर्मगुरूंसाठी किती तऱ्हेतऱ्हेचे शब्द रुळले आहेत ते लक्षात येते. मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीतले कॅथलिक आपल्या धर्मगुरूला ‘फादर’ म्हणतात. केरळहून येऊन इथे स्थिरावलेली सुरियानी कुटुंबे त्यालाच ‘अच्चन’ म्हणतात, आणि बिशपांना ‘थिरुमेनी’. प्रॉटेस्टंट मंडळींचे ‘पास्टर’ असतात आणि लग्नपत्रिकेवर त्यांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ लागते. मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चच्या मुंबई धर्मप्रांताचे मुख्यालय वाशीतच आहे. त्यांच्या बिशपांची पदवी ‘मेट्रोपोलिटन’.

या सगळ्यांत एक पदवी मात्र कुठेच ऐकू येत नाही. ती म्हणजे ‘व्हिकर अपोस्टॉलिक’. जवळजवळ अडीचशे वर्षे कोकण किनाऱ्यावरच्या कॅथलिकांचे भांडण या पदवीभोवती चालले होते. तिच्यापायी कंपनी सरकारला मुंबईतल्या चर्चच्या वाटण्या कराव्या लागल्या, एका बिशपाने स्वतःला माहीमच्या चर्चमध्ये कोंडून घेतले, आणि त्याच्याही दोनशे वर्षे आधी गोव्यातल्या एका ब्राह्मण घराण्यातल्या माणसाला पोर्तुगीजांची हद्द ओलांडून आदिलशाहीत बिऱ्हाड करावे लागले. मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताची वंशावळ याच माणसापासून सुरू होते. मराठी वाचकाला त्याचे नाव सहसा ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते.

आधी पदवीविषयी. ‘व्हिकारियुस’ हा लॅटिन शब्द. दुसऱ्याच्या जागी उभा राहून त्याचा अधिकार चालवणारा, असा त्याचा अर्थ. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट डायोक्लेशनने रोमन साम्राज्याची फेरमांडणी केली आणि अनेक प्रांतांचे मिळून मोठे विभाग पाडले. अशा विभागाला ‘डायोसीस’ म्हणत आणि त्याच्या प्रमुखाला व्हिकारियुस. साम्राज्य लयाला गेले तरी त्याच्या दप्तरातले दोन्ही शब्द चर्चने ठेवून घेतले. डायोसीस म्हणजे बिशपाचा धर्मप्रांत झाला, आणि व्हिकर हा शब्द निरनिराळ्या पायऱ्यांवरच्या प्रतिनिधींना लागू लागला. गोव्यात गावच्या मुख्य पाद्र्याला ‘विगार’ म्हणतात, तो पोर्तुगीजांमार्फत आलेला हाच शब्द. ‘अपोस्टॉलिक’ म्हणजे प्रेषितांचा. संत पेत्राचा वारसा सांगणारी रोमची गादी ती प्रेषितीय गादी. म्हणून व्हिकर अपोस्टॉलिक हा थेट पोपचा प्रतिनिधी.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत मुतालिक भेटतो. मूळ पदाधिकारी हजर नसला की शिक्का मुतालिक चालवी, कारभार तो पाही, हुकूम त्याच्या हातून सुटत. पण पद त्याचे नसे आणि धन्याची मर्जी फिरली की शिक्का परत द्यावा लागे. व्हिकर अपोस्टॉलिकची स्थिती नेमकी अशी होती. नेहमीचा बिशप आपल्या धर्मप्रांताचा स्वतःच्या अधिकारात धनी असतो. व्हिकर अपोस्टॉलिक पोपच्या नावाने कारभार करतो आणि पोप त्याला केव्हाही परत बोलावू शकतो. पुरोहितांना दीक्षा देण्यासाठी त्याला बिशप असावेच लागे. बिशप म्हटला की कुठल्या तरी ठिकाणचा असलाच पाहिजे, असा चर्चचा जुना नियम. मग त्याला एखाद्या लुप्त झालेल्या धर्मप्रांताचे नाव देत. पश्चिम आशियात किंवा उत्तर आफ्रिकेत कधी काळी ख्रिस्ती लोकांनी गजबजलेली आणि नंतर इस्लामी राजवटीत गेलेली अशी पुष्कळ शहरे होती. त्यांतल्या एकाचा तो नामधारी बिशप होई. त्या गावी त्याने पाऊल टाकावे अशी कुणाचीच अपेक्षा नसे.

ही पदवी आजही चालू आहे. नेपाळमध्ये २००७ पासून व्हिकर अपोस्टॉलिकचे क्षेत्र आहे. अबुधाबी-दुबईतले कॅथलिक दक्षिण अरबस्तानच्या व्हिकर अपोस्टॉलिकच्या कक्षेत येतात, तेव्हा नवी मुंबईतून नोकरीसाठी आखातात गेलेल्या कॅथलिक कुटुंबाला तिथे ही पदवी प्रत्यक्ष भेटते. जिथे चर्च अजून पुरते रुजलेले नाही तिथे असा बिशप नेमतात, असे आजचे साधे स्पष्टीकरण आहे. सतराव्या शतकातले कारण त्याहून तिखट होते.

पंधराव्या शतकापासून पोपनी पोर्तुगालच्या राजाला एकामागून एक सनदा दिल्या. नव्या मुलखांत चर्च बांधायची, मिशनरी पाठवायचे, त्यांचा खर्च सोसायचा. त्याबदल्यात बिशप कोण असावा हे राजाने सुचवायचे. या हक्काला ‘पाद्रोआदो’ म्हणतात. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ मध्ये झाला आणि त्याची हद्द कागदावर आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत पसरली. जिथे पोर्तुगीजांचे एक गलबतही लागले नव्हते, तिथलाही बिशप लिस्बनच्या संमतीवाचून नेमता येत नव्हता. शंभर वर्षांत रोमला कळून चुकले की आपण दिलेला शब्द आपल्यालाच जाचतो आहे. पोर्तुगालजवळ पुरेसे पाद्री नव्हते, पैसा आटत चालला होता, आणि स्थानिक माणसांना बरोबरीने वागवायची तयारी तर नव्हतीच.

पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये रोमला एक नवे खाते काढले. त्याचे लॅटिन नाव लांबलचक, पण ‘प्रोपगांडा’ या नावानेच ते ओळखले जाऊ लागले. जगभरच्या धर्मप्रसाराचा कारभार त्याच्याकडे आला. पहिले सचिव फ्रांचेस्को इंगोली हे मोठे बारकाईने काम करणारे गृहस्थ. पूर्वेकडून आलेली पत्रे आणि तक्रारी वाचून त्यांचे मत पक्के झाले होते की हिंदुस्थानात हिंदी पुरोहित आणि हिंदी बिशप झाल्याशिवाय चर्च टिकणार नाही. पाद्रोआदोला हात लावला तर पोर्तुगालशी थेट वितुष्ट येणार. त्यातून वाट निघाली ती व्हिकर अपोस्टॉलिकच्या पदवीची. हा बिशप काही नव्या धर्मप्रांताचा धनी नव्हे, त्यामुळे राजाच्या नेमणुकीच्या हक्काला धक्का लागत नाही. तो पोपचा माणूस म्हणून पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या लोकांची व्यवस्था बघेल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, हॉलंडमध्ये प्रॉटेस्टंट सत्ता आल्यावर, तिथल्या कॅथलिकांसाठी हा उपाय आधी वापरून झाला होता.

हिंदुस्थानात ही पदवी पहिल्यांदा मिळाली ती मातेउस द कास्त्रो यांना.

मांडवी नदीच्या मुखाच्या आत दिवाडी नावाचे बेट आहे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून ते समोर दिसते. कदंब राजांचे दैवत सप्तकोटेश्वर याच बेटावर नार्व्याला होते. पोर्तुगीजांनी देऊळ पाडले, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेले. तिथे पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. पलीकडच्या त्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. बेटावरच्या लोकांनी सोळाव्या शतकाच्या मध्याला मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म घेतला. धर्मांतरित ब्राह्मण घराण्यांपैकी एका घरात १५९४ च्या सुमारास मातेउसचा जन्म झाला. धर्म बदलला तरी जात राहिली होती आणि जातीचा अभिमानही राहिला होता. पुढच्या हकिकतीत तो अभिमान पदोपदी दिसतो.

मुलगा हुशार निघाला. बार्देशात रेईश मागूश इथल्या फ्रान्सिस्कन विद्यालयात तो शिकला आणि त्याला पुरोहित व्हायचे होते. हिंदी वंशाच्या तरुणांना दीक्षा मिळतच नसे असे नाही, पण दारे अतिशय अरुंद होती, आणि त्या काळचे आर्चबिशप क्रिस्तोव्हांव द सा हे दीक्षा द्यायच्या विरुद्ध होते. मातेउसला नकार मिळाला. दुसरा एखादा तरुण गप्प बसला असता. याने रोमची वाट धरली, तीही खुष्कीची, पश्चिम आशियातून. पोर्तुगीज जहाजाने लिस्बनमार्गे जायचे म्हणजे ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडायचे त्यांच्याकडेच परवाना मागायचा. १६२५ मध्ये तो रोमला पोचला. प्रोपगांडा नुकतीच उभी राहिली होती आणि इंगोलींना असाच माणूस हवा होता. तिथे शिक्षण होऊन त्याला पुरोहिताची दीक्षा मिळाली, आणि १६३३ च्या आसपास तो गोव्यात परतला.

गोव्यात त्याच्या कागदांकडे कुणी आदराने पाहिले नाही. रोमहून आलेले कोणतेही पत्र लिस्बनच्या दरबारातून मंजूर होऊन यायला हवे, असा पोर्तुगीजांचा दंडक होता. मातेउसजवळची पत्रे थेट पोपकडून आलेली, म्हणजे गोव्याच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच. हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा, कारण पुढची दोनशे वर्षे भांडणाचे पक्ष आणि माणसे बदलत गेली तरी युक्तिवाद हाच राहिला. मातेउस पुन्हा रोमला गेले. या वेळी पोप आठवे अर्बन यांच्या काळात, १६३७ मध्ये, त्यांना बिशप करण्यात आले. नामधारी धर्मप्रांत मिळाला क्रिसोपोलिसचा, आणि पद ‘इदलकानच्या राज्याचे’ व्हिकर अपोस्टॉलिक. इदलकान हा पोर्तुगीजांनी केलेला आदिलखानाचा अपभ्रंश. लॅटिन विधीच्या चर्चमध्ये बिशप झालेले हे पहिले हिंदी माणूस.

त्यांना नेमून दिलेला मुलूख कुठून कुठपर्यंत होता ते पाहण्यासारखे आहे. १६३६ च्या तहाने निजामशाही बुडाली आणि तिच्या कोकणातला कल्याण-पनवेलकडचा पट्टा विजापूरच्या वाट्याला आला. मातेउस बिशप झाले ते पुढच्याच वर्षी. म्हणजे खाडीकाठचे पोर्तुगीज टापू वगळले, तर आज नवी मुंबई ज्या भूमीवर उभी आहे ती कागदोपत्री या दिवाडीच्या ब्राह्मण बिशपाच्या अखत्यारीत होती. त्या वेळी तिथे ख्रिस्ती वस्ती असून असून किती असणार! खरी ख्रिस्ती वस्ती होती ती साष्टी, वसई, करंजा या पोर्तुगीज मुलखात, आणि तिथे मातेउस यांना पाऊल ठेवायची मुभा नव्हती. उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगरावर पोर्तुगीज चर्चचे अवशेष अजून आहेत. त्याच डोंगराचे नाव सिडकोने आपल्या एका नोडला दिले आहे.

१६४० च्या सुमारास मातेउस परतले आणि त्यांनी डिचोलीला ठाण मांडले. शंभर वर्षांपूर्वी दिवाडीचा देव नदी ओलांडून ज्या महालात आश्रयाला गेला होता, त्याच महालात आता दिवाडीचा बिशप आश्रयाला आला. दोघांच्या मागे लागलेली सत्ता एकच होती. मुहम्मद आदिलशहाच्या दरबाराने त्यांना अडवले नाही. उलट डिचोली, बांदे आणि वेंगुर्ले इथे चर्च बांधायची परवानगी मिळाली. एका कॅथलिक बिशपाला कॅथलिक राजाच्या मुलखात जागा नाही, आणि मुसलमान सुलतान मात्र त्याला चर्चसाठी परवाना देतो, हा दख्खनच्या राजकारणाचा नमुना त्या काळी कुणाला फारसा नवलाचा वाटला नसावा. गोव्याच्या तरुणांना मातेउस डिचोलीत दीक्षा देऊ लागले. ही मुले नदी ओलांडून जात आणि पुरोहित होऊन परत येत. गोव्याचे अधिकारी त्यांची दीक्षा मानत नसत. व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि धर्मसंघांचे पाद्री एकजुटीने त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. इथिओपियातून हाकलले गेल्यावर गोव्यात राहिलेल्या जेझुइट पॅट्रिआर्क आफोंसु मेंदिश यांनी तर मातेउस यांच्या रंगावरून अतिशय हीन शब्द वापरले. ते नोंदलेले आहेत. इथे ते पुन्हा लिहावेसे वाटत नाहीत.

मातेउस शांत स्वभावाचे नव्हते, आणि त्यांना साधू म्हणून रंगवण्यात अर्थ नाही. ते भांडखोर होते. अपमान विसरणे त्यांना जमले नाही. मध्यंतरी ते तिसऱ्यांदा रोमला जाऊन आले. १६५३ मध्ये त्यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ अशा अर्थाच्या नावाचे एक लांब पत्र लिहून गोव्याच्या ख्रिस्ती ब्राह्मणांना पाठवले. पोर्तुगीज पाद्री तुम्हाला कसे खाली ठेवतात हे त्यात सांगितले होते आणि अन्यायाविरुद्ध उठण्याची चिथावणी होती. पण पत्र होते ते ब्राह्मणांना उद्देशून. इतर जातींच्या ख्रिस्ती माणसांचे दुःख त्यांच्या डोळ्यांसमोर तितके नव्हते, ही त्यांची मोठी उणीव मला वाटते. त्यांना दिसलेला अन्याय खरा होता. तो त्यांनी आपल्या घराच्या खिडकीतून पाहिला.

पुढच्याच वर्षी विजापूरच्या फौजेने बार्देश आणि सासष्टीवर चाल केली. वेंगुर्ल्याला १६३७ पासून डचांची वखार होती आणि डच हे पोर्तुगीजांचे हाडवैरी. मातेउस यांनीच दोघांना चढवून दिले, असा आरोप गोव्याने केला. आरोपात तथ्य किती, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. काही झाले तरी रोमला हे प्रकरण जड होऊ लागले. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळे झाले होते आणि पोपने नव्या राजाला अजून मान्यता दिली नव्हती, त्यामुळे पोर्तुगीज धर्मप्रांतांवर नवे बिशप नेमलेच जात नव्हते. १६५२ मध्ये आर्चबिशप वारल्यानंतर गोव्याची गादी वर्षानुवर्षे रिकामी राहिली. एकीकडे रिकामी गादी, आणि नदीपलीकडे गादी नसलेला बिशप. शेवटी मातेउस यांना रोमला बोलावून घेण्यात आले. तिथून त्यांना परत येऊ दिले गेले नाही. उरलेले आयुष्य त्यांनी रोममध्येच काढले आणि तिथेच १६७७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

माणूस परत आला नाही, पदवी मात्र इथे राहिली. मातेउस यांच्यामागून आले कुस्तोदियु द पिन्हो, तेही गोव्याचेच. मातेउस यांच्याच नात्यातल्या तोमाश द कास्त्रो यांना कानडा किनाऱ्याकडचा भाग मिळाला, आणि तिथे पुढे संतपदाला पोचलेल्या जोझे वाझ यांच्याशी त्यांचे वाजले, कारण वाझ गोव्याच्या आर्चबिशपांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. सतराव्या शतकात तीन गोवेकर ब्राह्मण या पदावर बसले हे विसरता कामा नये. त्यानंतर मात्र युरोपीय कार्मेलाइट संन्यासी आले आणि हिंदी माणसाची पाळी फार काळ आली नाही.

राज्ये बदलली तशी पदवीची शेपटी बदलली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले, पुढच्या वर्षी गोवळकोंडा. इदलकानच राहिला नाही तेव्हा त्याचा व्हिकर कसा राहणार? पदाला ‘ग्रेट मोगल’चे नाव लागले. या मोगलांच्या व्हिकर अपोस्टॉलिकला मुंबईत आणले इंग्रजांनी. मुंबई बेट इंग्रजांना मिळाले तरी तिथल्या चर्चवर गोव्याच्या आर्चबिशपांचे पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्री होते. आपल्या बेटावर शेजारच्या राजाची माणसे प्रवचन देतात, याचा कंपनीला कायम संशय. १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या सरकारने त्यांना बाहेर काढले आणि चर्च कार्मेलाइट व्हिकर अपोस्टॉलिक मॉरिस यांच्या हवाली केली. एका प्रॉटेस्टंट कंपनीने पोपच्या मुतालिकाला पसंती दिली, ती एवढ्याचसाठी की त्याच्यामागे पोर्तुगालचा राजा नव्हता.

इथून किनाऱ्याची विभागणी झाली. मुंबई बेट प्रोपगांडाकडे. खाडीपलीकडची साष्टी, वसई, करंजा गोव्याकडे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज पाद्री गेले. त्यांच्या जागी गोव्याचे हिंदी पाद्री मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती गावांची सेवा करत राहिले. त्यांचा आर्चबिशप गोव्यातच होता. त्यामुळे मराठ्यांचा अंमल असो की नंतर इंग्रजांचा, या गावांची निष्ठा पाद्रोआदोकडे राहिली.

मुंबईत मात्र कंपनीचे मन बदलले. १७८९ मध्ये सगळी चर्च पुन्हा गोव्याकडे द्यायचा हुकूम निघाला. त्यावर दुसऱ्या पक्षाने ओरड केली. अखेर १७९४ मध्ये वाटणी ठरली. भुलेश्वरचे एस्पेरांसा आणि वरच्या माहीमचे सेंट मायकल व्हिकर अपोस्टॉलिककडे. माझगावचे ग्लोरिया आणि खालच्या माहीमचे साल्व्हेशन गोव्याकडे. भावाभावांत घर वाटून घ्यावे तशी ही वाटणी झाली. घराच्या वाटणीत निदान भिंत घालता येते. इथे एकाच गल्लीत, कधी एकाच कुटुंबात, दोन बिशपांची माणसे राहू लागली.

१८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी पोर्तुगीज हद्दीबाहेरचे पाद्रोआदोचे बहुतेक अधिकार व्हिकर अपोस्टॉलिकांना देऊन टाकले. गोव्याकडून उत्तर आले ते मातेउस यांच्या काळचेच: हे पत्र लिस्बनमार्गे आलेले नाही, म्हणून ते आम्हाला लागू नाही. दोन्ही बाजू एकमेकांना पाखंडी म्हणू लागल्या. कोणाच्या हातून झालेला बाप्तिस्मा आणि कोणी लावलेले लग्न वैध, असे प्रश्न घराघरांत शिरले.

याचा कळस झाला माहीमला, १८५३ मध्ये. आज दर बुधवारी नोव्हेनासाठी सर्व धर्मांच्या लोकांनी भरून जाणारे सेंट मायकल चर्च ते हेच. व्हिकर अपोस्टॉलिकच्या बाजूने कारभार पाहत होते आनास्तासियुस हार्टमन, स्वित्झर्लंडचे कापुचिन संन्यासी. ‘एक्झामिनर’ हे साप्ताहिक त्यांच्याच काळात, १८५० मध्ये, सुरू झाले आणि ते अजून चालते. माहीमच्या पुष्कळ लोकांना गोव्याकडे जायचे होते. चर्च हातचे जाणार असे दिसताच हार्टमन आपल्या मोजक्या माणसांसह आत गेले आणि तिथेच बसले. मरण आले तरी चालेल, चर्च सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. बाहेर विरोधकांनी वेढा घातला. माहीमचे कोळी, भंडारी आणि वाडीवाले ख्रिस्ती रस्त्यावर, आणि त्यांचेच बिशप आत कोंडलेले. हे दोन आठवड्यांच्या आसपास चालले. शेवटी सरकारने मध्ये पडून वेढा उठवला, आणि चर्च गेले ते गोव्याच्या पक्षाकडे.

हार्टमन खरे होते की माहीमचे लोक? कायद्याने पाहिले तर पोपचा हुकूम हार्टमन यांच्या बाजूने होता. पण चर्चची वीट न् वीट ज्या वस्तीच्या आजे-पणज्यांनी वाहिली, तिला आपला पाद्री कोण असावा हे सांगायचा हक्क नव्हता असे मला म्हणवत नाही. त्यात आणखी एक गोष्ट होती. गोव्याकडून येणारे पाद्री हिंदी होते. त्यांना लोकांची भाषा येई, सणवार कळत. ज्या प्रोपगांडाने दोनशे वर्षांपूर्वी हिंदी बिशप नेमायचे धाडस केले होते, तिची मुंबईतली माणसे आता बहुतेक युरोपीय होती, आणि ज्या गोव्याने मातेउस यांना दीक्षा नाकारली, त्याच गोव्याचे हिंदी पाद्री आता लोकांना आपले वाटत होते.

पोप तेरावे लिओ यांनी १८८६ मध्ये पोर्तुगालशी तह केला आणि हिंदुस्थानात रीतसर धर्मप्रांत स्थापन केले. मुंबईला स्वतःची गादी मिळाली, पुण्याला धर्मप्रांत झाला, मुंबईचा शेवटचा व्हिकर अपोस्टॉलिक गेला आणि पहिले आर्चबिशप आले जॉर्ज पोर्टर, इंग्लंडचे जेझुइट. केरळात पदवी आणखी थोडी टिकली. सुरियानी कॅथलिकांसाठी १८८७ मध्ये व्हिकर अपोस्टॉलिक नेमले गेले, आणि १८९६ मध्ये तीन जागी त्यांच्याच समाजातली माणसे आली. कल्याणच्या सिरो-मलबार धर्मप्रांताला आपले मानणारी नवी मुंबईतली कुटुंबे याच परंपरेतली. तो धर्मप्रांत १९८८ मध्ये झाला.

मुंबईतली दुहेरी सत्ता मात्र १८८६ नंतरही संपली नाही. पाद्रोआदोची चर्च दमणच्या नव्या बिशपांकडे गेली, आणि घराणे कोणत्या बाजूचे यावर माणसाचे चर्च ठरत राहिले. १९२८ मध्ये दमण आणि मुंबई एक झाले. अट अशी की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. आधी जोआकिम लिमा आले, त्यांच्यामागून १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स. हिंदी माणसाचे नाव या पाळीत कुठेच बसत नव्हते.

पाळी मोडली ती रॉबर्ट्स यांनी. आपल्या जागी हिंदी माणूस यावा म्हणून त्यांनी रोमकडे आग्रह धरला. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस त्यांचे सहायक बिशप झाले. ग्रेशियस मूळ गोव्याच्या कुटुंबातले, जन्म १९०० मध्ये कराचीचा. मग रॉबर्ट्स कारभार त्यांच्या हाती सोपवून देशाबाहेर निघून गेले आणि परतले नाहीत. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने नेमणुकीचा हक्क सोडला आणि त्याच वर्षी ग्रेशियस आर्चबिशप झाले. मातेउस बिशप झाल्यानंतर ३१३ वर्षांनी मुंबईच्या या परंपरेत हिंदी माणसाला स्वतःच्या हक्काची गादी मिळाली. पद सोडलेल्या रॉबर्ट्सना रिवाजाप्रमाणे एका लुप्त धर्मप्रांताचे नाव देण्यात आले, क्रिमियातल्या सुग्डेयाचे. ग्रेशियस १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर वसू लागले, तेव्हा तिथे राहायला गेलेले लॅटिन विधीचे कॅथलिक त्यांच्याच धर्मप्रांतात आले. १९७८ मध्ये मृत्यूपर्यंत ते त्या गादीवर होते.